व्याज चढतं म्हणजे नेमकं काय होतं

व्याज चढतं. वाढतं, जमतं, साठतं हेही शब्द आहेत की आपल्याकडे, पण व्याजाचं नाव निघालं की तोंडात येतं ते चढतंच. ताप चढतो, वेल चढते, वाण्याकडची उधारी चढते तसं व्याज चढतं. मी फोर्टातल्या एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स आणि रिटर्नचं काम करते, तिथे दिवसभर समोर असतो तो शब्द मात्र वेगळा. अक्रूड. अक्रूड इंटरेस्ट, अक्रूड एक्स्पेन्स, अक्रूड लीव्ह. मराठी कागदावर तोच उपार्जित होऊन येतो. आणि मार्च संपला की लोक जे प्रश्न घेऊन येतात त्यातले कितीतरी या एकाच शब्दाभोवती फिरत असतात, म्हणून वाटलं एकदा नीट बसून लिहून काढावं.

आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक काकू आहेत, काका गेल्यापासून बँकेचं सगळं त्या एकट्याच बघतात आणि छान बघतात, प्रत्येक पावती प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेनुसार लावलेली. त्यांनी पाच वर्षांची एफडी केली, व्याज शेवटी एकदम घ्यायचं अशी, म्हणजे क्युम्युलेटिव्ह. वर्ष संपल्यावर कागद घेऊन वर आल्या. "अगं, मी त्यातनं एक पैसा काढला नाही. व्याज मला पाच वर्षांनी मिळणार. मग यांनी टॅक्स आत्ताच कसा कापला?" मी सुरुवात केली उपार्जित वगैरेपासून, त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग म्हटलं, "काकू, मिळालं नाहीये, पण चढलंय ना." "हां, चढलंय होय!" झालं. पुढचं मला समजवावंच लागलं नाही, त्यांनीच विचारलं की मग दरवर्षी किती चढलं ते बँक लिहून देते का. देते, इंटरेस्ट सर्टिफिकेट मागायचं.

कायद्यात हे असंच आहे. उत्पन्न हातात आलं की त्यावर कर लागतो आणि ते उपार्जित झालं, म्हणजे त्यावर तुमचा हक्क तयार झाला, तरी लागतो, ही दोन्ही दारं १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यातच होती. आणि बँकेनं टीडीएस, म्हणजे व्याजातूनच कापून घ्यायचा कर, कधी कापायचा तर व्याज प्रत्यक्ष दिलं जाईल तेव्हा किंवा खात्यावर जमा दाखवलं जाईल तेव्हा, दोन्हीत जे आधी होईल तेव्हा. त्यामुळे एफडी मोडली नाही, हात लावला नाही, तरी वर्षाचं व्याज मर्यादेबाहेर गेलं की दहा टक्के कापले जातात. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठ नागरिकांसाठी वर्षाला १ लाख आणि बाकीच्यांसाठी ५० हजार झाली. पॅन दिलेला नसेल तर दहाच्या जागी वीस टक्के. ज्यांना मुळात कर लागतच नाही त्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच तसं लिहून द्यायचं, ज्याला सगळे १५एच आणि १५जी म्हणून ओळखतात ते, आणि ते लोक देत नाहीत कारण त्यांना वाटतं व्याज तर पाच वर्षांनी येणारे, आत्ता कशाला. हे मला फार लागतं, कारण यात नुकसान होतं ते ज्यांचं उत्पन्न सगळ्यात कमी आहे त्यांचंच. पैसे रिफंडमध्ये परत मिळतात हो, पण त्यासाठी रिटर्न भरावं लागतं, आणि सत्तरीतल्या बाईनं दहा-बारा हजारांसाठी ते सगळं करत बसायचं.

दुसरी बाजूही सांगते. समजा ५ लाखांची एफडी सात टक्क्यांनी पाच वर्षं ठेवली, तर शेवटी व्याज होतं २ लाख ७ हजारांच्या वर. हे सगळं शेवटच्या वर्षात एकदम दाखवलं तर त्या एका वर्षाचं उत्पन्न विनाकारण फुगतं, आणि आधीच्या वर्षांत कापलेल्या टीडीएसचा ताळमेळ लावताना जीव जातो. दरवर्षी जेवढं चढलं तेवढं दाखवत गेलं की प्रश्नच येत नाही. मी सगळ्यांना हेच सांगते.

आता हे चढणं जवळून बघूया, कारण मला स्वतःला यात फार मजा वाटते. १ लाख रुपये, सात टक्के. वर्षाचे सात हजार, भागिले ३६५, म्हणजे रोज १९ रुपये १८ पैसे. तुम्ही झोपलेले असता, लोकलमध्ये लटकत असता, गणपतीला गावी गेलेले असता, रोज १९ रुपये १८ पैसे. पासबुकात यातलं काही दिसत नाही. तीन महिने झाले की मग एकदम १,७५० रुपये मुद्दलात मिसळतात आणि मुद्दल होतं १,०१,७५०. पुढच्या तिमाहीला व्याज त्यावर, म्हणून १,७८० रुपये ६३ पैसे. हे जे ३० रुपये ६३ पैसे जास्तीचे आले ना, ते व्याजावरचं व्याज. वर्षअखेर सात हजार नाही, ७,१८६ होतात. पाच वर्षांनी १,४१,४७८. म्हणजे चढणं रोज चालू असतं आणि मिसळणं तीन महिन्यांनी होतं, ही दोन वेगळी कामं आहेत आणि बहुतेकांच्या डोक्यात ती एकच असतात.

सेव्हिंग खात्याचं तर आणखी वेगळं होतं. १ एप्रिल २०१० च्या आधी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तेवढ्यावरच व्याज मिळायचं. महिनाभर ५० हजार पडून होते आणि २८ ला दोन दिवसांसाठी ४५ काढले, की त्या महिन्याचं व्याज ५ हजारांवर. रिझर्व्ह बँकेनं त्या तारखेपासून रोजच्या शिल्लकेवर हिशोब लावायला लावला. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे घडलं हेच माहीत नाही, कारण सेव्हिंगचं व्याज किती आलं ते कोण बघतं, पण ज्यांचे पैसे महिन्याभरात आत-बाहेर होत असतात त्यांच्यासाठी हा फरक मोठा होता.

जुन्या पद्धतीची आठवण पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या १५ वर्षांच्या बचत योजनेत, अजून शिल्लक आहे. तिथे महिन्याच्या ५ तारखेनंतर ते महिनाअखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल त्यावर त्या महिन्याचं व्याज धरतात आणि खात्यावर टाकतात ३१ मार्चला. म्हणून वर्षाचे दीड लाख एकदम भरणार असाल तर ५ एप्रिलच्या आत भरा. ६ तारखेला भरले तर ७.१ टक्क्यांच्या दरानं एप्रिलचे सुमारे ८८७ रुपये गेले. ५ तारखेच्या आत भरत राहिलात आणि दर हाच राहिला तर १५ वर्षांत भरलेले साडेबावीस लाख साधारण ४० लाख ६८ हजार होतात. वर्षभर मात्र खातं उघडून बघितलं तर व्याजाच्या नावानं काहीच दिसत नाही, आणि दर दोन महिन्यांनी कुणीतरी मला विचारतं की पीपीएफचं व्याज जमा का होत नाहीये. चढतंय हो, मार्चअखेर दिसेल. पीएफचंही तसंच, हिशोब महिन्याच्या शिल्लकेवर आणि जमा वर्षाचं एकदम.

एनएससी मला यात सगळ्यात आवडते. पोस्टाचं पाच वर्षांचं सर्टिफिकेट. ७.७ टक्क्यांनी १० हजारांचे १४,४९० होतात, मधे एक रुपया हातात येत नाही. पण दरवर्षी चढलेलं व्याज हे तुम्ही पुन्हा त्यातच गुंतवलं असं कायदा मानतो, त्यामुळे जुन्या कररचनेत असाल तर पहिल्या चार वर्षांच्या व्याजाला सगळे जिला ८०सी म्हणून ओळखतात ती वजावट मिळते. पाचव्या वर्षाच्या व्याजाला नाही, कारण ते पुन्हा गुंतवलं जात नाही, ते तुम्हाला मिळतं. बघा, न मिळालेल्या पैशाला कायद्यानं किती नीट वागवलंय.

आता कुणी म्हणेल मग सगळंच रोज चढत असेल, पगार, बोनस, कमिशन. तसं नाहीये, आणि यावरचा जो निकाल सगळे सीए शिकतात तो आपल्या मुंबईतल्या गिरण्यांचाच आहे. काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी आहे बघा, त्या डेव्हिड ससून यांचे चिरंजीव इलियास यांनी काढलेली कंपनी म्हणजे ई. डी. ससून आणि कंपनी. तिच्याकडे गिरण्यांची मॅनेजिंग एजन्सी होती, म्हणजे गिरणी चालवायची आणि वर्षाच्या नफ्यावर कमिशन घ्यायचं. १९४३ साली त्यांनी ही कामं वर्षाच्या मधेच दुसऱ्यांना देऊन टाकली आणि वर्ष संपल्यावर अख्ख्या वर्षाचं कमिशन नव्या लोकांना मिळालं. इन्कम टॅक्सवाले म्हणाले की तुम्ही जेवढे महिने काम केलं तेवढ्या महिन्यांचं कमिशन तुमचं, त्यावर कर भरा. ऐकायला बरोबर वाटतं ना? केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १९५४ मध्ये बहुमतानं ससून यांच्या बाजूनं निकाल लागला. कारण असं की नफा वर्ष संपल्यावरच ठरतो, कमिशनही तेव्हाच ठरतं, त्याच्या आधी ससून कुणाकडे जाऊन माझे एवढे पैसे द्या असं म्हणू शकत नव्हते. मागायचा हक्कच जन्मला नाही तर उपार्जित झालं काय? व्याजाचं तसं नसतं, ते दिवसागणिक ठरतं. आणि गंमत म्हणजे बोलीत हा फरक आपण आपोआप पाळतो. बोनस चढला असं कुणी म्हणत नाही, बोनस झाला म्हणतात, एकदम, दिवाळीच्या आधी एका दिवशी.

हे लक्षात आल्यापासून मी या सगळ्या क्रियापदांकडे जास्तच लक्ष द्यायला लागलेय. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतो आपण, पण पैसा साचला असं म्हणत नाही, पैसा साठतो किंवा साठवतो. साचतं ते बहुधा आपण न करता होतं आणि नकोसं असतं. गाळ साचतो, कचरा साचतो, मनात राग साचतो, ऑफिसात फायली साचतात. आणि जायचा रस्ता होता तोच बंद झाला की मग तुंबतं. नाला तुंबतो, कामं तुंबतात. दर पावसाळ्यात एकाच शहरात ही सगळी क्रियापदं एकत्र दिसतात. दादर-परळकडच्या सखल हिंदमाताला पाणी साचतं, गटारं तुंबतात, आणि त्याच दिवशी पेपरात दुसऱ्या कोपऱ्यात येतं की तानसा, मोडकसागर, भातसा, विहार, तुळशी, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा या सात तलावांमधला साठा एवढे टक्के झाला. ढग तेच, पाणी तेच, पण तलावातला तो साठा आणि हिंदमाताला ते साचलेलं. सातही तलाव भरले की १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर होतात आणि तेवढ्यावर आपलं वर्ष निघतं, म्हणून जून-जुलैत माझ्या सासूबाई रोज सकाळी आधी तो आकडा बघतात आणि मग बाकीचा पेपर. आणि हिंदमातासाठी पालिकेनं परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन कलापार्कखाली जमिनीत मोठाल्या टाक्या बांधल्या, पावसाचं पाणी पंपानं तिथे न्यायचं आणि भरती ओसरली की सोडायचं, त्यांना नाव काय दिलं तर साठवण टाक्या. रस्त्यावर साचणारं पाणी टाकीत गेलं की साठवलेलं झालं. मला हे फार आवडतं.

घरातही बघा ना, दुधावर साय धरते, भांड्यावर राप बसतो, नळाच्या तोटीवर क्षार बसतात, कपाटावर धुळीची पुटं चढतात, लोणचं मुरतं. सगळी हळूहळू होणारीच कामं, पण प्रत्येकाला वेगळं क्रियापद. एका शब्दात सगळं बसवणाऱ्या भाषेत काम करून संध्याकाळी घरी आल्यावर हे ऐकलं की बरं वाटतं.

आणि अजून एक शब्द आहे, संचित. बॅलन्सशीटमध्ये संचित तोटा असतो, तो आम्ही रोज लिहितो, पण आजी हा शब्द कीर्तनातून घरी आणायची. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. आजवरचं सगळं मिळून जे शिल्लक आहे ते संचित, त्यातलं जे फळायला सुरुवात झालीय, भोगायला समोर आलंय ते प्रारब्ध, आणि आत्ता या क्षणी जे करतोय, जे पुढे त्यात जाऊन पडणार, ते क्रियमाण. मी ऑफिसात नव्या आलेल्या मुलींना अक्रुअल समजावताना हेच वापरते. खात्यावर आजवरची शिल्लक, त्यातलं आता ड्यू झालेलं, आणि आज दिवसभरात चढणारं. कॉमर्सच्या पुस्तकातून तीन तास घालवून जे डोक्यात शिरत नाही ते असं पटकन शिरतं, कारण यातलं निम्मं त्यांनी घरी आधीच ऐकलेलं असतं.

उपार्जित हा शब्द मुळात वाईट नाहीये हां. अर्जन म्हणजे मिळवणं, विद्यार्जन, अर्थार्जन आपण म्हणतोच, तर उपार्जित म्हणजे मिळवलेलं, कमावलेलं, आणि कायद्याच्या अर्थाच्या तो खूप जवळ आहे. पण बँकेच्या कागदावर तो वाचून सामान्य माणसाला काही कळत नाही. तिथे सरळ 'आजपर्यंत चढलेलं व्याज' असं छापलं तर काय बिघडेल? त्यापुढे कंसात पाहिजे तर उपार्जित लिहा. कागद आपल्याला कळावा म्हणून असतो, आणि ज्या भाषेत काकूंना एका वाक्यात कळलं त्या भाषेत तो छापता येतो, हे मला मनापासून वाटतं.

कारण चढणं हे कर्ज फेडणाऱ्याच्या बाजूनंही चालू असतंच. क्रेडिट कार्डाचं बिल मिनिमम भरून सोडलं की बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाला चाळीसच्या वर, आणि ते बिलाच्या तारखेपासून नाही, खरेदीच्या तारखेपासून. आपल्या भाषेत न भरलेल्या पैशाला शब्द आहे थकणं. भाडं थकतं, हप्ते थकतात, मेंटेनन्स थकतो आणि मग त्या थकबाकीवर व्याज चढतं. मेंटेनन्सवरून तर किती बिल्डिंगांमध्ये भांडणं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमांत, वर्षानुवर्षं कमाल २१ टक्के अशी मर्यादा होती आणि तेही सरळव्याज, म्हणजे व्याजावर व्याज लावायचं नाही. हे सेक्रेटरींनाही माहीत नसतं, खूप ठिकाणी थकबाकी आणि व्याज एकत्र करून त्यावर पुढचं व्याज लावलेलं मी पाहिलंय. बिल आलं की थकबाकीचा आकडा आणि व्याजाचा आकडा वेगळा दाखवायला सांगा, लगेच कळतं.

चढणाऱ्या व्याजाला कुठे थांबवायचं याचाही विचार आपल्याकडे फार जुना आहे. दामदुप्पट. हिंदू धर्मशास्त्रातला नियम, मुंबई इलाख्यातली कोर्टं कर्जदार हिंदू असेल तर तो लावायची. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. १०० दिले तर मुद्दल १०० आणि थकलेलं व्याज जास्तीत जास्त १००, सावकारानं कितीही वर्षं वाट बघितली तरी. म्हणजे हा शब्द कर्जात बुडणाऱ्याला वाचवणारा होता. आणि आज तो ऐकू येतो तो कशासाठी, तर दामदुप्पट योजना, दामदुप्पटीचं आमिष, इतक्या लाखांची फसवणूक. हे बघून खरंच वाईट वाटतं. माझ्याकडे असे कागद घेऊन लोक येतात, कधी रिटायरमेंटचे पैसे असतात, कधी गावची जमीन विकलेले. त्यांना मी घाबरवत नाही, आकडे मांडते. सात टक्क्यांच्या एफडीत पैसे दुप्पट व्हायला जवळजवळ बरोबर दहा वर्षं लागतात. पोस्टाच्या किसान विकास पत्रात साडेसात टक्क्यांनी ११५ महिने, म्हणजे साडेनऊ वर्षांच्या वर. हा तुमचा माणूस दोन वर्षांत दुप्पट देतो म्हणतोय, म्हणजे लाखाला रोज सरासरी १३७ रुपये चढायला हवेत, एफडीत सुरुवातीला १९ चढतात. त्याला विचारा हे रोजचे १३७ कुठल्या धंद्यातून येणारेत, आणि तो काय सांगतो ते लिहून घेऊन या, मग आपण बसून बघू.